कॉम्प्युटरवर गाणी कशात ऐकता?

गाण्यांच्या फाइल्स अजून जपून ठेवणारा माणूस अशी माझी ओळखीच्यांत ख्याती आहे. त्यामुळे हा प्रश्न ठरलेला: कॉम्प्युटरवर कुठला प्लेअर वापरता? आणि त्याला लागूनच, आम्ही कुठला घ्यावा? तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. विंडोजवर मी फूबार२००० वापरतो. तो फारच रुक्ष वाटला तर म्युझिकबी घ्या, दिसायला देखणा आहे आणि पहिल्या दिवसापासून सगळं हाताशी देतो. लिनक्सवर स्ट्रॉबेरी. मॅकवर फूबारचीच मॅकसाठीची आवृत्ती मिळते, सोबत आलेलं म्युझिक अ‍ॅप चालत असेल तर तेही चालू द्या.

एवढ्यावर विषय संपायला हवा, पण संपत नाही. हे उत्तर घेऊन गेलेला माणूस थोड्या दिवसांनी परत येतो. गाणी सापडत नाहीत, एका अल्बमचे दहा अल्बम झालेत, निम्म्या गाण्यांची नावं नुसती ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी दिसताहेत. यातलं काहीही प्लेअरनं केलेलं नसतं. फाइलच्या आत जे लिहिलंय तेच तो वाचून दाखवतो.

आणि प्लेअरचं तरी काय, ते येतात नि जातात. विनॅम्प १९९७ साली आला, दोन वर्षांत एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं विकत घेतला, २०१३ मध्ये तो बंद करायची घोषणा झाली आणि २०१४ मध्ये तो रेडिओनॉमी या कंपनीकडे गेला. आयट्यून्स २००१ चा, मॅकवरून २०१९ मध्ये त्याची रजा झाली. लिनक्सवरच्या अमारोकचं जुनं रूप ज्यांना सोडवेना त्यांनी क्लेमेंटाइन काढला, क्लेमेंटाइन थंडावल्यावर त्यातूनच स्ट्रॉबेरी निघाला. या सगळ्या काळात एमपीथ्री फाइल मात्र जिथल्या तिथे आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मेहनत फाइलवर करा, प्लेअरवर नको. उद्या प्लेअर काढून टाकला आणि दुसरा बसवला, तर तासाभरात सगळं पूर्वीसारखं दिसलं पाहिजे. तसं होणार नसेल तर तुमचा संग्रह तुमच्या ताब्यात नाही.

फाइलमधली माहिती म्हणजे टॅग. एमपीथ्रीला मुळात टॅगची सोयच नव्हती. १९९६ मध्ये आयडीथ्री हा टॅगचा प्रकार आला, तोही फाइलच्या शेपटीला चिकटवलेला १२८ बाइटचा तुकडा. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. देवनागरीचा तर प्रश्नच नाही. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा युनिकोडला, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या मावतील अशा अक्षरसंकेताला, जागा झाली. जुन्या फाइल उघडल्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा अगम्य चिन्हं दिसतात, त्यामागे बहुधा हेच असतं: लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनं एक लिपिसंकेत धरला, वाचणाऱ्यानं दुसरा. फ्लॅक म्हणजे ध्वनीतलं काहीही न गमावता साठवणारा फाइलप्रकार, त्याचे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८ या युनिकोडच्याच रूपात असल्यानं तिथे हा त्रास नाही.

आता त्या दहा तुकड्यांच्या अल्बमकडे वळू, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. समजा एका गायिकेचा अल्बम आहे, बारा गाणी. त्यातल्या तीन गाण्यांत कुणी ना कुणी पाहुणा गायक आहे, म्हणून कलाकाराच्या रकान्यात ‘अमुक आणि तमुक’ असं लिहिलेलं आहे. प्लेअर कलाकार पाहून गठ्ठे बांधतो, त्याला हे चार वेगळे अल्बम वाटतात. नऊ गाण्यांचा एक आणि एकेका गाण्याचे तीन. उपाय एका रकान्याचा आहे, त्याचं नाव ‘अल्बम आर्टिस्ट’. बाराही गाणी एकदम निवडायची, त्या रकान्यात फक्त गायिकेचं नाव टाकायचं आणि सेव्ह करायचं. कलाकाराच्या रकान्यातले पाहुणे तसेच राहू द्यायचे. वेगवेगळ्या गायकांचं संकलन असेल तर अल्बम आर्टिस्टमध्ये ‘विविध कलाकार’ किंवा जे काही तुम्ही ठरवाल ते, पण दर वेळी तेच. एकदा ‘विविध’, एकदा ‘अनेक’, एकदा ‘संकलन’ असं केलंत की पुन्हा फाटे फुटले.

नावांच्या स्पेलिंगचंही तसंच. एकाच कलाकाराची कधी आद्याक्षरं, कधी पूर्ण नाव, कधी नावापुढे उपाधी, आणि यादीत तीन वेगळी माणसं. कुठलं रूप बरोबर यावर वाद घालत बसू नका, एक धरा आणि सगळीकडे तेच लावा. मी नावं मूळ लिपीत ठेवतो. क्रम लावण्यासाठी निराळा रकाना असतो, त्यात हवं तर दुसऱ्या लिपीत लिहिता येतं. संगीतप्रकाराचा रकाना मात्र मी जवळजवळ ओसाड ठेवलाय. सुरुवातीच्या आयडीथ्रीत ८० प्रकारांची ठरीव यादी होती, आज लोक हजार प्रकार लिहितात, आणि दोन्हींनी माझं गाणं कधी लवकर सापडलेलं नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी त्याऐवजी स्वतःचे रकाने करावेत: रचनाकार, संचालक, राग, साथीदार. फूबार आणि म्युझिकबी दोघेही असे मनचे रकाने घेतात आणि त्यावरून शोधूही देतात.

हे सगळं हातानं करायचं? नाही. म्युझिकब्रेन्झ नावाचा लोकांनीच भरलेला मोठा माहितीसाठा आहे आणि त्याचं पिकार्ड हे सॉफ्टवेअर. ते गाण्याच्या आवाजावरूनच त्याचा ठसा काढतं आणि ओळख पटवतं, फाइलचं नाव ‘ट्रॅक ०१’ असलं तरी. फक्त अख्खा संग्रह एका दमात त्याच्या पुढ्यात टाकू नका. तेच ध्वनिमुद्रण मूळ अल्बममध्येही असतं आणि नंतरच्या पाच संकलनांतही, आणि पिकार्ड कधीकधी पाचांपैकी भलतंच उचलतं. एकेक अल्बम द्या, उजवीकडे काय जुळलं ते पाहा, मग सेव्ह करा. जे तिथे नाहीच, घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण वगैरे, त्याला एमपीथ्रीटॅग बरं. नाव तसं असलं तरी ते फ्लॅकही हाताळतं. टॅग नीट झाले की त्यांच्यावरूनच फोल्डर आणि फाइलची नावं बनवून घ्या: कलाकार, मग साल आणि अल्बम, मग क्रमांक आणि गाणं. आधी टॅग, मग नावं. हा क्रम उलटा करू पाहणारे दमतात.

प्लेअर निवडताना एक परीक्षा जरूर घ्या. चार-पाच गाण्यांना तारे द्या, म्हणजे रेटिंग. मग त्याच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडा. तारे दिसले तर प्लेअरनं ते फाइलमध्ये लिहिलेत. नाही दिसले तर ते त्याच्या खासगी डेटाबेसमध्ये आहेत आणि तो गेला की तेही गेले. पुष्कळ प्लेअरमध्ये ‘फाइलमध्ये लिहा’ अशी सेटिंग असते, बंद ठेवलेली. ती चालू करा. एमपीथ्रीमध्ये हे रेटिंग ० ते २५५ अशा आकड्यात साठतं आणि कुठल्या आकड्याचे किती तारे हे प्रत्येक प्लेअर आपल्या मनानं ठरवतो, त्यामुळे चाराचे साडेतीन झालेले दिसले तर दचकू नका.

‘आवाज कशात चांगला येतो?’ हा पुढचा प्रश्न, आणि इथे मी जरा खडूस होतो. एकाच फ्लॅक फाइलमधून सगळे नीट प्लेअर ध्वनीचे तेच आकडे बाहेर काढतात. फरक ऐकू आला तर बहुतेक वेळा एकाचा आवाज किंचित मोठा असतो, आणि कानाला मोठं ते चांगलं वाटतं. यासाठी रीप्लेगेन करून घ्या. ही कल्पना २००१ ची. सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं किती मोठं आहे ते मोजतं आणि तो आकडा टॅगमध्ये लिहितं, मूळ ध्वनीला हात लावत नाही. ऐकताना प्लेअर तेवढा आवाज कमी-जास्त करतो. त्यातही अल्बमचा आकडा वेगळा असतो, तो निवडलात तर अल्बममधलं हळुवार गाणं हळुवारच राहतं. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, त्या दरावर) आणून मिसळले जातात, ते टाळायचं असेल तर प्लेअरला ध्वनियंत्रणेचा एकट्यानं ताबा देणारा एक्सक्लुझिव्ह मोड आहे. मग मात्र गाणं चालू असताना दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामचा आवाज येणार नाही.

सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट जागा खातो. फ्लॅक त्यातलं काहीही न गमावता साधारण निम्म्या ते साठ टक्के जागेत बसवतो. फ्लॅकवरून हवी तेव्हा एमपीथ्री करता येते, फोनसाठी मी तेच करतो. उलटं होत नाही. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर फाइल तेवढी फुगते, गेलेलं परत येत नाही. कुणी दिलेल्या फ्लॅकबद्दल शंका असेल तर स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये उघडा, तो फाइलमधल्या खालच्या-वरच्या स्वरकंपनांचं चित्र काढतो. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीवरून बनवलेली असेल तर चित्रात साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर अंधार दिसतो. जुन्या टेपवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात तसंही वर फारसं काही नसतं, तेव्हा एवढ्यावरून देणाऱ्याशी भांडू नका.

प्रत ठेवायची हे सांगायला नको, दुसऱ्या डिस्कवर, आणि जमलं तर तिसरी दुसऱ्या जागी. पण प्रत धड आहे की नाही हे कोण पाहतं? डिस्क म्हातारी होते, एखादी फाइल मधेच खराब होते, आणि ती खराब फाइलच पुढच्या बॅकअपमध्ये चांगल्या फाइलच्या डोक्यावर बसते. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे ध्वनीवरून काढलेला, जरा बदल झाला तरी न जुळणारा आकडा, सहसा आतच लिहिलेला असतो. फूबारमध्ये फाइल तपासणीचा जोडभाग मिळतो, तो लावला की सगळा संग्रह उलगडून ठसा जुळतो का ते पाहतो आणि न जुळणाऱ्यांची यादी देतो. मोठा संग्रह असेल तर रात्री लावून झोपा. एमपीथ्रीला ही सोय नाही. तिथे फाइल उलगडताना चुका आल्या तर दिसतात, बाकी दोन प्रती समोरासमोर ठेवून ताडून पाहण्याला पर्याय नाही.