आमची वाटचाल : शाहूपुरीच्या शेडपासून

१९९७ च्या दसऱ्याला कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या पलीकडं, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये घरातल्या फर्निचरच्या कामाचा नारळ फोडला. मी आणि मामा, दोघंच. मामा म्हणजे गडहिंग्लजकडचे मिस्त्री. नात्यानं माझे कुणी नव्हेत, पण पहिल्या दिवसापासून मामाच. माझ्याकडं आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दाखला होता, त्यांच्याकडं हत्यारं होती. पटाश्या, गुण्या, ओळंबा, गिरमिट आणि दोन रंधे. मोठा रंधा त्यांच्या वडिलांनी बाभळीच्या गाभ्यातून स्वतः काढलेला. हाताच्या घामानं तो काळा आणि गुळगुळीत झाला होता, अंगठा टेकतो तिथं खळगा पडला होता. सनमायका चिकटवायच्या कामात रंधा कशाला लागतो, असं आताची पोरं विचारतात. लिपिंगची, म्हणजे प्लायच्या कडेला लावायची, सागवानी पट्टी प्लायशी एकजीव करायची असेल तर लागतो. बोट फिरवलं की सांधा कळता कामा नये.

पहिलं मोठं काम मंगळवार पेठेतल्या काकूंचं. जुनं घर, सोपा, माजघर, मागं परसू. मुलाला सोपा आणि माजघर एक करून हॉल हवा होता. काकू दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "हॉल करा, पण गौरी कुठं बसवायच्या ते आधी सांगा. आणि वर्षाची चटणी कुठं ठेवू?" मी नकाशात या दोन्ही गोष्टींना जागाच ठेवली नव्हती. रात्री बसून सगळा नकाशा पुन्हा काढला. पूर्वेच्या भिंतीला सहा फुटांचा, दीड फूट उंच कप्प्यांचा बाक केला. एरवी त्यावर घरची माणसं बसायची, आत अंथरुणं राहायची, आणि गौरी-गणपतीत तोच चौथरा व्हायचा. चटणीच्या बरण्यांसाठी ओट्याखाली उन्हापासून लांब, कडप्प्याची खोल फडताळं केली.

ओट्याचं माप मामांनी घेतलं. काकूंना उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला, जमिनीपासून कोपरापर्यंत पट्टी धरली आणि त्यातून पाच इंच वजा केले. एकतीस आले. गवंडी म्हणाला, सगळीकडं चौतीस करतात. मामा म्हणाले, "सगळीकडं ह्या बाई भाकरी थापत नाहीत." आजही आमच्याकडं घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपराचं माप घेतल्याशिवाय ओटा ठरत नाही. तुम्ही कुणाकडूनही किचन करून घ्या, पण हे माप घ्यायला लावा. ओटा उंच झाला की भाकरी थापताना खांदे वर येतात, बुटका झाला की कंबर जाते, आणि ते दुखणं वीस वर्षं पुरतं.

पुढची वीसेक वर्षं कामं मिळत गेली, माणसं वाढली, प्लाय कापायचा मोठा पॅनल सॉ घेतला. सांगायचंय ते २०१९ चं.

२००५ च्या पुरात जयंती नाल्याचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं. तेच माप डोक्यात धरून आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला माल तीन फूट विटांवर चढवला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ५ ऑगस्टच्या रात्री शेडमध्ये गुडघ्याएवढं पाणी होतं, दुसऱ्या दिवशी छातीच्या वर. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. गणपती २ सप्टेंबरला होते आणि अकरा घरांची कामं त्याआधी द्यायची होती.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा आधी वास आला, मग चिखल दिसला. एमआर ग्रेडचं, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं, प्लाय पुस्तकाच्या पानांसारखं उलगडलं होतं. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफची कपाटाची दारं फुगून ब्रेडसारखी झाली होती. पाण्यात टिकणारं, आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लाय तेवढं चिखल धुतल्यावर पुन्हा उभं राहिलं. ७२ तास उकळत्या पाण्यातली चाचणी त्याच ग्रेडला का असते, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पॅनल सॉची मोटार गाळानं भरली होती. ती उद्यमनगरातल्या वाइंडिंगवाल्याकडं नेली. त्यानं कॉइल बदलली आणि पैशाचं नाव काढलं नाही, "दिवाळीनंतर बघू" म्हणाला.

मामांचा रंधा मात्र दिसेना. चौथ्या दिवशी तो छपराच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीत अडकलेला सापडला. लाकूडच ते, पाण्याबरोबर तरंगत वर गेलं आणि पाणी उतरताना तिथंच राहिलं. बाभूळ फुगली होती, पातं निघेना. मी उन्हात ठेवायला निघालो तर मामांनी हात धरला. "उन्हात ठेवलास तर तडकंल." महिनाभर सावलीत, ओल्या गोणपाटात, मग कोरड्या, असा वाळवला. पातं सुटलं तेव्हा गंजून खडबडीत झालं होतं. दगडावर तेल टाकून त्यांनी ते दोन दिवस घासलं.

हे सगळं सोसलं असतं. पण आम्ही गाळ उपसत असताना शहरातल्या एका मोठ्या मॉड्युलर शोरूमची माणसं आमच्या गिऱ्हाइकांना फोन करत होती. "त्यांचं वर्कशॉप बुडालंय, तुमचा ॲडव्हान्स गेला समजा, आमच्याकडं या, गणपतीआधी देतो." नंबर त्यांना कुठून मिळाले ते मला नंतर कळलं, इथं लिहीत नाही. अकरापैकी सात जण आठवड्यात दारात आले. त्यांचंही चुकलं म्हणत नाही, त्यांच्याही घरात चिखल होता. पण आम्ही घरी जाऊन घेतलेली मापं, आमच्या हातचे नकाशे घेऊन ते तिकडं गेले आणि त्याच नकाशांवर तिथं किचन बनली. बायकोच्या पाटल्या मोडून मी सातही जणांचे पैसे परत केले. आज सहा वर्षं झाली, त्या शोरूमवरून जाताना मी अजून तिकडं बघत नाही.

शेड बंद करायचं ठरलंच होतं. मामांना सांगायला शब्द सापडत नव्हते. त्या संध्याकाळी काकू रिक्षानं आल्या. नातवाच्या लग्नासाठी वरच्या मजल्याचं काम आमच्याकडं होतं, ते अकरांतलंच एक. मला वाटलं, याही पैसे मागायला आल्या. पिशवीतून त्यांनी पाकीट काढलं. "दुसरा हप्ता घेऊन आलोय. काम झाल्यावर द्यायचा होता, आत्ता घे. प्लाय आण." मी म्हणालो, "काकू, काम कधी होईल सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "लग्न मार्गशीर्षात आहे. गणपतीला काय, दरवर्षीच्या बाकावर बसतील गौरी." त्या पैशांतून टिंबर मार्केटातून पहिला माल आला. मामांनी त्याच रंध्यानं त्यांच्या पलंगाची लिपिंग काढली.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, आधीच्या खुणेच्याही वर. पण तोवर आम्ही लोखंडी माळा घातला होता, माल आणि मोटारी वर होत्या. चौथ्या दिवशी काम सुरू झालं.

नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावर राहत असाल तर एक ऐका. किचनची कपाटं पार्टिकल बोर्डची करू नका, स्वस्त पडली तरी. खालची कपाटं स्टीलच्या पायांवर आणि सुटी करता येतील अशी घ्या, म्हणजे पाणी यायच्या आत वर नेता येतात. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, इंचभर फट सोडा. आपला पाऊस तिकडूनच मारतो आणि पाठीमागं बुरशी धरते. हॉल दिखाव्याचा करू नका. त्याच खोलीत पोरं अभ्यास करतात, रात्री पाहुणे झोपतात. म्हाताऱ्या माणसांसाठी एक तरी आसन अठरा इंच उंच आणि हातांचं असू दे. खोल सोफ्यात बसलेलं माणूस उठताना हात कुठं टेकणार?

मामा तीन वर्षांपूर्वी काम सोडून गावी गेले. रंधा जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेले.

परवा काकूंचा फोन आला. त्या आता स्वयंपाकघरात फार उभ्या राहत नाहीत, भाकरी नातसून करते. ती उंच आहे, म्हणून ओटा वाढवायचा आहे. उद्या सकाळी माप घ्यायला जातोय.