शेळी तोंड लावत नाही

परवा दुपारी लॅबच्या मागच्या भिंतीवर सदाफुली उगवलेली दिसली. बेसिनचा पाईप जिथं बाहेर येतो तिथंच, विटांच्या फटीत. कुणी लावलेली नाही, खतपाणी कुणाचं नाही, मिळतं ते पोरांनी स्लाईड धुतलेलं ॲसिटोकार्माईनचं लाल पाणी, तरी बया फुलं काढून उभी. मी खिडकीला टेकून बराच वेळ बघत राहिलो, कारण नुकताच जिना चढून आलो होतो आणि दुसरं काही करायची ताकदच नव्हती. मनात म्हटलं, बाई, तू इथंपण आहेस होय.

आमची हल्ली फार जवळची ओळख झालीय. दर एकवीस दिवसांनी मी किमोसाठी मिरजेला जातो, डेकेअरमध्ये एका खुर्चीत बसतो आणि सिस्टर शीर शोधतात. शिरा आता रुसल्यात, त्यामुळं त्यातच वेळ जातो. मग एकेक औषध चढतं. त्यातलं लाल असतं ते सगळ्यांना माहिती, कारण ते घेतल्यावर लघवीपण लाल होते आणि पहिल्यांदा माणूस जाम घाबरतो. पण एक छोटंसं, पाण्यासारखं दिसणारं असतं त्याच्याकडं कुणाचं लक्षच नसतं. ते व्हिन्क्रिस्टिन. म्हणजे आपली सदाफुली. डोस किती तर जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम.

आता गंमत बघा, मी बॉटनी शिकवतो. इकॉनॉमिक बॉटनीत हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. कॅथरँथस रोझिअस, फॅमिली ॲपोसायनेसी, मूळची मादागास्करची, उपयोग ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा, म्हणजे माझा). लिम्फोमा लिहिताना एकदाही हात थांबला नाही, कशाला थांबेल, दोन मार्काचा प्रश्न तो. पोरं पाठ करायची, मी तपासायचो, स्पेलिंग चुकलं की अर्धा मार्क कापायचो.

तिचा इतिहास मात्र मला आधीपासून आवडतो, सिलॅबसमध्ये नसला तरी सांगतोच. १९५०च्या दशकात जमैकातून कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकाकडं सदाफुलीची पानं पोचली, जमैकात लोक डायबेटिसवर त्याचा चहा पितात म्हणून तपासायला. (आपल्याकडंही पितात, आमच्या गल्लीत रोज पहाटे सदाफुलीची फुलं चोरीला जातात ती देवासाठी नाही, शुगरसाठी.) त्यानं आणि चार्ल्स बीअरनं उंदरांवर करून बघितलं, शुगर काही हलली नाही पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. दुसऱ्या कुणी ते उंदीर टाकून दिले असते. यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी कमी होतात तर जिथं त्या बेसुमार वाढतात त्या रोगात हे चालेल की. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन निघालं, आणि मग त्याच झाडातून अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन, तेही १९६३ पासून वापरात आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून माझं औषध तयार होऊन बसलं होतं.

त्या पांढऱ्या पेशींचं पुढं काय झालं ते मी रोज अनुभवतो. आमच्या घरात आता ‘जेवलास का’च्या आधी ‘काउंट किती आले’ असं विचारतात. काउंट खाली असले की कच्चं खायचं नाही, कोशिंबीर बंद, गर्दीत जायचं नाही, मास्क काढायचा नाही, फुलं जवळ ठेवायची नाहीत आणि मातीत हात घालायचा नाही. बॉटनीच्या माणसाला मातीत हात घालायचा नाही! त्यात ते लाल औषध मूळचं कुठलं, तर मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूचं. म्हणजे माती शिरेतून देणार आणि वर सांगणार मातीपासून लांब राहा. डॉक्टरांना मी हे बोलून दाखवलं तर ते नुसते हसले, बाहेर पेशंटची रांग होती.

पोरांनी तर पहिल्या किमोनंतर आल्या आल्या बुके आणला होता. एवढा मोठा जरबेराचा. मी मास्कच्या आतून थँक्यू म्हणत तीन पावलं मागं सरकलो, पोरगी हिरमुसली, शेवटी लॅबच्या मामांनी तो घेतला आणि ऑफिसातल्या टेबलावर नेऊन ठेवला. आठवडाभर ऑफिसवाले खूश.

आज्जी असताना सकाळी परडी घेऊन फुलं काढायचं काम माझ्याकडं होतं. जास्वंद शेजाऱ्यांची, तगर देवळाची, पण सदाफुली आमची स्वतःची, म्हणजे कुणाचीच नाही, न्हाणीच्या सांडपाण्यावर आलेली. आज्जी म्हणायची पांढरी आण, पण पांढरी फुलं तेवढी कधी पुरायची नाहीत आणि मी गुलाबी मिसळायचो. शेजारी एक शेळी होती, तिच्याएवढा सर्वभक्षी प्राणी मी अजून बघितला नाही. तिनं आमची तुळस खाल्ली, मोगरा खाल्ला, वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर खाल्ला, माझं चौथीचं भूगोलाचं पुस्तक नकाशासकट खाल्लं. पण सदाफुलीला तिनं कधी तोंड लावलं नाही. जवळ जायची, हुंगायची, मान फिरवायची. मला वाटतं माझा बॉटनीतला पहिला धडा तो. त्या पुस्तकाबद्दल गुरुजींनी दिलेला मार हा दुसरा.

डेकेअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बऱ्याचदा अथणीकडचे एक म्हातारबाबा असतात. मिरजेत अर्धे पेशंट कर्नाटकातून येतात, त्यामुळं वॉर्डात मराठी नि कानडी एकाच वाक्यात चालतं. आल्या आल्या ते ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) विचारणार, मी ‘आत, आत’ (झालं, झालं) म्हणणार, खरं तर जेवण जात नसतं, तोंडात सगळं लोखंडाचं लागतं. त्यांनी एकदा माझ्या छोट्या बाटलीकडं बोट करून विचारलं, मास्तर, ह्ये कशाचं? मी म्हटलं सदाफुलीचं. त्यांना आधी वाटलं चेष्टा करतोय.

“आमच्या बांधाला ढिगानं हाय की ती.”

“तीच.”

“शेळीबी तोंड लावत न्हाई तिला.”

“तेच की काका.”

मग ते गप्प झाले, थोड्या वेळानं म्हणाले, आन् मग एवढं बिल कशापायी लावत्यात? म्हटलं, एका ग्रॅमला कित्येकशे किलो वाळलेला पाला लागतो. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. ऊसवाला माणूस, बहुतेक एकरी उतारा काढत असणार.

पण हे ऐकून कुणी उठून बांधावरची पानं खायला लागू नये म्हणून त्यांना लगेच बजावलं, कारण हा उद्योग माझ्यावर रोज होतो. आपल्याकडं माणूस आजारी पडला की ओळखीचा प्रत्येकजण एम.डी. होतो. गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळ, कुठल्यातरी घाटातल्या बाबाचं चूर्ण. आणि एका मावशींचा ठरलेला मेसेज, ‘सदाफुलीची पाच पानं अनशापोटी चावून खा, किमोची गरजच नाही.’ मी त्यांना फोन करून समजावलं की मावशी, त्या पानात शंभरावर अल्कलॉइड, म्हणजे औषधी नि विषारी द्रव्यं असतात, कुठल्या पानात कुठलं किती ते ना तुम्हाला माहीत ना मला, मला जे देतात ते वेगळं काढलेलं, शुद्ध केलेलं, माझ्या मापानं मोजलेलं असतं आणि तेवढ्यानंसुद्धा माझी बोटं बधिर झालीत. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तीन पानं खा.

बोटांचं खरं आहे. या औषधाचा तोच त्रास, नसांवर परिणाम. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, खडू हातात आहे की पडला ते बघितल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी एस.वाय.चं कांद्याच्या मुळात पेशींची विभागणी बघायचं प्रॅक्टिकल होतं. मूळ ॲसिडमध्ये गरम करायचं, रंगवायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्यानं दाबायचं. दाब नेमका पाहिजे, कमी पडला तर पेशी एकावर एक बसतात, जास्त झाला तर काच गेली. वीस वर्षं हा अंगठा चुकला नव्हता, आता त्याला दाब कळतच नाही. कट्. परत घेतली, परत कट्. पोरं गप्प. मग पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, सर तुम्ही सांगा, दाबते मी. पहिल्याच झटक्यात एवढी सुंदर मेटाफेज (विभागणीचा मधला टप्पा) मिळाली तिला, सोळा क्रोमोसोम मोजून घ्यावेत असे मधोमध ओळीत. मी आयपीसला डोळा लावून बघत बसलो. व्हिन्क्रिस्टिन हेच करतं ना, पेशीला इथंच अडवतं. क्रोमोसोम ओढून दोन्हीकडं न्यायला जे धागे लागतात तेच बनू देत नाही, मग विभागणी अर्ध्यात लटकते आणि पेशी मरते. पोरांना हेपण सांगितलं. एकानं विचारलं, सर, त्याला कसं कळतं कुठली पेशी खराब आणि कुठली चांगली? म्हटलं, कळत नाही रे. जी भराभर विभागते ती मरते. केसांची मुळं पण भराभर विभागतात. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि जर्नलमध्ये लिहून घेतलं.

केसांचं मला काही वाटलं नव्हतं, आमच्या घराण्यात टक्कल आहेच. पण मिशी गेली. तिची सवय नव्हती. आणि सांगलीच्या भागात डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही असा चाळिशीचा पुरुष दिसला की लोकांना एकच गोष्ट सुचते. एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता हळू आवाजात विचारलं, “वडील गेले का?” भाजीवालीनं विचारलं. जुना वर्गमित्र स्टँडवर भेटला, त्यानं तर काही न विचारता खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वय झालंच होतं रे आण्णांचं. आण्णा त्या वेळी घरी ओट्यावर बसून पेपर वाचत होते. पहिल्यांदा मी सगळ्यांना नीट खरं सांगायचो, पण ‘वडील नाही, मला कॅन्सर आहे’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा जो होतो तो बघवत नाही, त्याला सावरायचं काम परत आपल्यालाच. त्यामुळं आता सरळ मान हलवतो. आण्णांना हे माहीत नाही.

बी.एस्सी.ला असताना गॅदरिंगच्या नाटकासाठी मी मिशी काढली होती. घरी आलो तर आण्णा जेवत होते. ताटावरून उठले. “मी जिता हाय अजून,” एवढंच म्हणाले, आणि मिशी परत येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. या वेळी काहीच म्हणाले नाहीत. सकाळी चहा देताना माझ्या कपाळाकडं बघून बोलतात, तोंडाकडं बघत नाहीत.

असो. किमोनंतर पाच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या असतात, त्या दिवसांत झोप नाही आणि अंगात भलताच उत्साह. रात्री तीनला मी जर्नल तपासत बसलेला असतो. एवढे बारकाईनं शेरे आयुष्यात कधी लिहिले नाहीत, एकाला मी आकृतीला पेन का वापरू नये यावर अर्धं पान लिहून दिलं. (पेन्सिलनंच काढायची आकृती, यात तडजोड नाही.) बायको झोपेतून उठून येते, अहो झोपा की, म्हणते, आणि जाताना लाईट बंद करते, मी परत लावतो. सहाव्या दिवशी गोळ्या संपतात आणि मी पोत्यासारखा पडतो.

कॉलेजात सगळे म्हणतात, सर तुमचं डेडिकेशन मानलं पाहिजे, किमो घेऊन तास घेता. एकानं तर स्टाफरूममध्ये छोटं भाषणच केलं. मी हसतो. मी सीएचबीवर आहे. नेट झालं, पीएच.डी. झाली, पण अजून तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्याचे नाहीत, आजारपणाची रजा हा प्रकार आमच्या कागदात नाही. औषधाचं बरंचसं योजनेत बसलं म्हणून निभावलं, पण मिरजेचं येणंजाणं, रक्त तपासण्या, काउंट वाढवायची इंजेक्शनं, हे कशातून करायचं. डेडिकेशन असेलही त्यात थोडंफार, नाही असं नाही, त्या पोरीची मेटाफेज बघून मला जे वाटलं ते तासाच्या बिलात कुठं लिहिणार. पण आधी बिल. पूर्वी आम्ही चेष्टेत म्हणायचो, सीएचबीवर केस पांढरे झाले. आता तोही प्रश्न मिटला.

दर वर्षी शेवटच्या तासाला पोरं विचारतात, सर पुढच्या वर्षी आहात ना? कारण आमची नेमणूक वर्षापुरती, पुढच्या वर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, आणि बाहेर पन्नासजण फाईल घेऊन उभे. मी इतकी वर्षं ‘बघू’ म्हणत आलोय. यंदाही विचारलं, मी सवयीनं बघू म्हटलं, आणि विचारणारा पोरगाच गडबडला, सॉरी सर म्हणाला. अरे सॉरी कशाला, म्हटलं, जाहिरात तर येऊ दे.

जाहिरात आलीय आता. अर्ज भरणार आहे. सोबत दोन पासपोर्ट साईज फोटो मागितलेत, अलीकडच्या काळात काढलेले. मिशीवाले जुने शिल्लक आहेत ड्रॉवरमध्ये, तेच लावीन म्हणतो.