आईच्या गोळ्या आणि पाच लाखांचे संरक्षण
आईला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून तिला एका वेळी आठच दिवसांच्या गोळ्या मिळत आणि त्यासाठी प्रत्येक खेपेला अर्धा दिवस मोडत असे; साहजिकच पुढे खेपा चुकल्या आणि गोळ्याही.

२०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. पक्षाघात झाल्यावर ते मोलाचेच आहे. पण तो टाळण्यासाठी रोज घ्यावी लागणारी गोळी या योजनेच्या कक्षेत येत नाही. ती जबाबदारी उपकेंद्रांची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची, आणि माझ्या मते सर्वांसाठी आरोग्याची खरी कसोटी तिथेच लागते.

तिशीनंतर प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचे धोरण आहेच. मात्र निदानानंतर रुग्ण टिकवणे अवघड असते, कारण रक्तदाब बहुधा दुखत नाही. महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ठरावीक औषधांची सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रातील परिचारिकेकडून तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांवर भर दिला. तमिळनाडूने तर ऑगस्ट २०२१ पासून गोळ्या थेट घरपोच द्यायला सुरुवात केली.

आईला आता उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात, आणि तारीख चुकली की आशाताई स्वतः दारात येतात.