उजवं पान कोरं ठेवा

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहायला बसले आणि आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. हवी होती ती वही मिळाली. शंभर पानी, खाकी कव्हर, लेबलवर माझं नाव, इयत्ता आठवी 'ब', विषय धर्मशिक्षण, साल १९८५. मधल्या दोन पानांत मांदेलीचं एक खवलं चिकटलंय. चाळीस वर्षांत ते निघालं नाही. आमच्या घरात अभ्यास आणि मासळी यांच्यासाठी वेगळ्या जागा नव्हत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आठवड्यातून दोनदा वर्ग दोन भागांत बसायचा. हिंदू मुलं मूल्यशिक्षणाला आणि आम्ही ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला. आठवीत त्या तासाला ज्या बाई आल्या त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शुभवर्तमानात जी वचनं तुम्हाला आवडतात ती मला नकोत. जी टोचतात, पटत नाहीत, ज्यांचा राग येतो ती शोधून आणा. डाव्या पानावर वचन लिहा. उजवं पान कोरं ठेवा. काही कळलं, काही घडलं तर त्या दिवशी लिहा, तारीख घालून. उगाच भरण्यासाठी भरू नका. कोऱ्या पानाचे मार्क मी कापणार नाही."

तोवर आम्हाला प्रश्न आणि उत्तर दोन्ही पाठ करायची सवय होती. उत्तराशिवायचा प्रश्न वहीत उतरवायचा, ही कल्पनाच भीतीदायक वाटली. वर्गातल्या एका मुलाने विचारलंही, "बाई, असे प्रश्न विचारलेले देवाला चालतात का?" बाईंनी योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडायला लावला. (शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं. योहान, मत्तय, लूक ही त्यांतली.)

त्या अध्यायात येशू सांगतो की माझा देह खा आणि माझं रक्त प्या. ऐकणारे यहुदी. रक्त खाऊ नये अशी लेवीयच्या पुस्तकातली स्पष्ट आज्ञा त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. त्याचेच शिष्य म्हणाले, "हे वचन कठीण आहे, हे कोण ऐकून घेऊ शकतो?" आणि पुष्कळ जण निघून गेले. बाई इथे थांबल्या आणि म्हणाल्या, "येशू त्यांच्या मागे धावला का? 'अरे, तुम्ही समजलात तसं नाही' असं म्हणून त्याने शब्द मऊ केले का?" नव्हते केले. त्याने आपल्या बारा मुख्य शिष्यांकडे वळून विचारलं, तुम्हीही जाणार का? त्यावर त्यांच्यातला पेत्र म्हणाला, "प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?" बाईंनी ते वाक्य आमच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "पेत्राने 'मला कळलं' असं म्हटलेलं नाही. नीट बघा. तो फक्त गेला नाही."

मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ख्रिस्तशरीर म्हणून दिलेली भाकर स्वीकारायला आम्ही रांगेत उभे राहतो तेव्हा आजही मला तो तास आठवतो. आठवीतच वर्गातल्या शेजारच्या बाकावरच्या माझ्या हिंदू मैत्रिणीने विचारलं होतं, "तुम्ही खरंच देवाचा देह खाता?" मला सांगता आलं नव्हतं. मी "हो" एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "मग तुला भीती नाही वाटत?" या विषयावर त्यानंतर मी बरीच प्रवचनं ऐकली, पण तिच्या प्रश्नाइतकं मला कोणी हलवलं नाही. वहीत त्या वचनासमोर एकच ओळ आहे: 'भीती वाटायला हवी.'

मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, मला सहनच व्हायचा नाही. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. माझी आई पहाटे तीनला बंदरावर जायची, ओली मासळी निवडायची, उन्हं चढली की वलांडीवर बोंबील वाळत टाकायची. जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून. तिच्या बोटांच्या पेरांवर बोंबलाच्या दातांचे बारीक ओरखडे कायम असत. उशिरा येणाऱ्या बाईला तेवढीच मजुरी मिळाली असती तर आईचं काय झालं असतं? मी हा दाखला तिला तावातावाने वाचून दाखवला. ती मासळी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभी होती ना ती? कोणी नेलं नाही म्हणून उभी होती. तिच्या घरी पण चूल पेटायची असते." मग थोड्या वेळाने, "एका दिनारात किती येतं?" बाईंनी सांगितलं होतं की दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्या दिवसाचं पोट. आई म्हणाली, "मग अर्धा देऊन काय केलं असतं तिने?" माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. त्या दाखल्याचं उजवं पान तिच्या नावावर आहे.

लूकच्या चौदाव्या अध्यायातलं वचन, जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, हे लिहिताना माझा हात अडला होता. बाईंनी समजावलं की इब्री (हिब्रू) बोलण्यात 'प्रीती' आणि 'द्वेष' असे जोडीने येतात, तेव्हा एकाला पहिलं स्थान आणि दुसऱ्याला त्याच्या नंतरचं असा अर्थ होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची आपल्या दोन बायकांपैकी राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती असं म्हटल्यावर लगेच पुढे लेआ नावडती होती असं येतं. मत्तयमध्ये हेच वचन 'माझ्यापेक्षा अधिक प्रीती' अशा शब्दांत आहे. एवढं कळून वचन थोडं हलकं झालं. पण बाईंनी ते तेवढ्यावर सुटू दिलं नाही. त्यांनी विचारलं, "आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. पोरवयात जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेला. आपण त्याचा सण करतो. त्याची आई इथलीच होती. तिच्या बाजूने हे वचन वाचून बघा." पुढे माझी थोरली बहीण नन व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि आईने महिनाभर तिच्या ताटाची जागा मोकळी ठेवली. तेव्हा मी ते वाचून बघितलं.

एका बाबतीत बाई कठोर होत्या. गावात एका बाईला नवरा मारायचा आणि तिला कोणीतरी दुसरा गाल पुढे करायचा सल्ला दिला होता. हे कानावर आलं तेव्हा बाई वर्गात लालबुंद झाल्या. "ते वचन ज्याने थप्पड खाल्ली त्याला सांगितलंय. दुसऱ्याचा गाल पुढे करायचा अधिकार येशूने कोणाला दिलेला नाही." पुढे मी शिक्षिका झाले आणि हे वाक्य मला किती ठिकाणी वापरावं लागलं याचा हिशेब नाही.

अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर घेऊन जातो, त्या उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायासमोरचं पान अजून कोरं आहे. मला मुलगा झाला त्या वर्षी मी ते उघडलं आणि तसंच मिटलं.

आता ज्या पानासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते.

मी नववीत असताना बाबांची डोल कापली गेली. डोल म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. समुद्रात कव, म्हणजे खुंट, मारून तिला बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं, पाण्याच्या ओढीवर तोंड उघडून उभं राहतं आणि ओढ थांबली की उचलायचं. त्या पहाटे बाबा गेले तर कवीला नुसते दोर लोंबत होते, टोकं सरळ कापलेली. कोणी कापली ते कोळीवाड्याला माहीत होतं. कवीच्या जागेवरून दोन घरांत जुना वाद होता. पंचांसमोर त्या माणसाने कबूलही केलं. भरपाई मात्र दिली नाही. त्या वर्षी आईच्या कानातलं गेलं आणि माझी सहल गेली.

आमच्याकडे रोज रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की बाबा गप्प व्हायचे. आम्ही पुढे म्हणायचो, ओळ संपली की ते पुन्हा सुरू करायचे. वर्षभर असंच चाललं. त्यांना कोणी काही विचारलं नाही. देवासमोर खोटं बोलायचं नाही एवढंच ते करत होते, हे मला आता कळतं.

मी मत्तयचा अठरावा अध्याय डाव्या पानावर उतरवला. साताच्या सत्तर वेळा क्षमा. वर्गात मी उभी राहून म्हणाले, "बाई, चारशे नव्वद होतात. पहिली एकच जमत नाहीये." कोणी हसलं नाही, सगळ्यांना आमचं घर माहीत होतं. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. त्याच अध्यायातल्या दाखल्यात एका चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ते राजाने सोडलं. त्या चाकराला दुसऱ्याकडून यायचे होते शंभर दिनार, ते मात्र त्याने सोडले नाहीत. "शंभर दिवसांची कमाई," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे काही थोडी नाही. एक डोल होईल. येशूने ते देणं शून्य धरलेलं नाही. तुझ्या बाबांचं नुकसान खरं आहे, हे त्याला मान्य आहे." मग उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख दाखवला, जो बढाई मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पट. येशूने पेत्राला उत्तर देताना सूडाचे तेच जुने सात आणि सत्तर क्षमेकडे उलटे फिरवले असावेत, असं त्या म्हणाल्या. सगळं ऐकून मी विचारलं, "पण करायची कशी?" बाईंनी आपली स्वतःची वही काढून दाखवली. तेच वचन, आणि समोरचं पान कोरं.

मे महिन्याच्या शेवटी, बोटी किनाऱ्यावर ओढायच्या दिवसांत, वारा फिरला. बाबा आणि दोन खलाशी परतत होते. वाटेत त्या माणसाची बोट दिसली, मशीन बंद, ओहोटीने बाहेर चाललेली. बोटीवर तो आणि त्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. बाबांनी बोट वळवली, दोर टाकला आणि ओढत बंदरात आणली. दोन्ही बोटींवर कोणी अवाक्षर बोललं नाही, असं खलाश्याने आईला सांगितलं. बाबा घरी आले, पाय धुतले, चहा मागितला. मी न राहवून विचारलं, "बाबा, माफ केलं तुम्ही त्याला?"

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणाले, "दोर टाकला. माफीचं बघू."

त्या रात्री रोझरीला ते त्या ओळीपाशी आले. "जशी आम्ही" एवढं म्हणाले आणि थांबले. एरवी ते तेवढंही म्हणत नसत.

शाळा उघडल्यावर मी ते वाक्य उजव्या पानावर लिहिलं, तारीख घातली आणि वही बाईंपुढे ठेवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग पिशवीतून आपली वही काढली, ते कोरं पान उघडलं आणि बाबांचं वाक्य आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. खाली कोणाचं वाक्य ते लिहायला त्यांनी मला बाबांचं पूर्ण नाव विचारलं.