काट्यावरून परत आणलेलं नाणं

रविवार, रात्री उशिरा

तीन नाणी विकायला नेली होती. दोन देऊन आलो, एक परत आणलं. ते आत्ता समोर टेबलावर आहे.

जुन्या नाण्यांचा बाजार बसलाय हे वर्षभर ऐकतोय. पण आपली नाणी दुसऱ्याच्या हातात गेली की मंदी म्हणजे काय ते कळतं. व्यापाऱ्याने भिंग काढलंच नाही, नाणी थेट काट्यावर ठेवली. 1921 चे दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी, प्रत्येकी 26.73 ग्रॅम, त्यात 90 टक्के चांदी. त्या एका वर्षात असे 8 कोटींहून जास्त डॉलर पाडले गेले, मग चांदीच्या वर कोण काय देणार? मला त्याचा राग आला नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही, माल धरून ठेवायला मोकळा पैसाही नाही. चांदीच्या भावाने दिली आणि मोकळा झालो.

तिसरंही त्याने काट्यावर ठेवलं, तेव्हा मात्र माझा हात पुढे गेला.

तेही मॉर्गन डॉलरच, पण 1881 चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं. मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या कड्याखाली बारीकसा ‘एस’. दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे त्याच्यावरून फिरतात. साच्याखाली धातू दाबला जाताना पडलेल्या सूक्ष्म रेषांची ही झळाळी. कुणी एकदा पावडर लावून घासलं की ती कायमची जाते. तसं हे दुर्मीळ नाही, त्या साली त्या टांकसाळीत सव्वा कोटींहून अधिक निघाली होती. पण अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि कुठल्या सालचे किती गेले याची नोंदही कुणी ठेवली नाही. त्या भट्टीतून वाचलेलं नाणं मी काट्यावरच्या आकड्यासाठी देऊ? नाही जमलं.

लिलावात टाकावं का, याचाही हिशेब मांडून पाहिला. हातोडा शंभरावर पडला तर घेणारा लिलावघराचे 20 टक्के धरून एकशेवीस मोजतो. विकणाऱ्याच्या हाती 10 टक्के कमिशन जाऊन नव्वद येतात. म्हणजे भाव जराही न पडता चौथा हिस्सा मधेच संपला. मंदीत वर भावही पडतो. 1989 साली ग्रेडिंगच्या डब्यांतली, म्हणजे तज्ज्ञांनी दर्जा ठरवून सीलबंद केलेली, नाणी शेअरसारखी उचलली गेली आणि मग भाव कोसळले, तेव्हा घाईने घेणाऱ्यांचं काय झालं असेल याची आज थोडी कल्पना आली.

मंदी घेणाऱ्यासाठी बरी, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव अर्धाच तसा आहे. पडत्या बाजारात चांगलं नाणं बाहेरच येत नाही, ज्याच्याकडे आहे तो कपाट बंद करून बसतो. समोर येतात ती घासलेली, कडेला ठोका बसलेली. गेल्या तीन महिन्यांत मन बसावं असं एकच दिसलं, आणि त्याच्या मालकाने भाव ऐकून ते परत खिशात टाकलं. आज मी तेच केलं.

मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं, ते आधी बदललं. त्यातल्या पीव्हीसीने चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. कडेने धरून कडक डबीत बसवलं. दोन डॉलरांचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवलेत. त्या मालकाला उद्या पुन्हा विचारून बघतो.