पाच रेघा आणि पांढरी पाच

आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्यांना आम्ही एक ते सात आणि काळ्यांना एक ते पाच असे नंबर देतो. सा पांढरी एक धरा की काळी एक, हात आपोआप सरकतो, समोर कागद लागत नाही. त्यामुळे मुलाचं पडून असलेलं कीबोर्ड काढून मी पियानोचं नोटेशन वाचायला शिकणार म्हटल्यावर मंडळातल्या तबलेवाल्या काकांनी विचारलंच, "आता या वयात एबीसीडी?"

खरं तर कागदावरच्या गाण्याचं बडोद्याला वावडं नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी इथे १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपीही तयार केली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, आणि तिच्यामागे संगीतशास्त्री भातखंडे होते. मीही त्यांच्याच लिपीवर वाढलो. वर टिंब म्हणजे तार, खाली टिंब म्हणजे मंद्र, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल.

फतेहगंजातल्या पियानोच्या टीचरांनी सुरुवातीला पाच रेघांवरच्या स्वरांची अक्षरं (तिथे स्वरांची नावं ए ते जी) लक्षात ठेवायला एक इंग्रजी वाक्य दिलं. लहान मुलांना ते जमत असेल, मला दरवेळी वाक्य म्हणून बोटांवर मोजत बसावं लागे. शेवटी घरी पेटी पुढ्यात घेतली आणि रेघांना आपल्या पट्ट्यांचे नंबर दिले. तिथून गाडं सुटलं.

पियानोला पाच रेघांचे दोन संच असतात, वरचा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. वरच्याच्या सुरुवातीच्या चिन्हाचं, म्हणजे ट्रेबल क्लेफचं, वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती वळतं. ती रेघ जी, म्हणजे आपली पांढरी पाच. खालच्याच्या चिन्हाची, बेस क्लेफची, दोन टिंबं ज्या रेघेच्या वर-खाली असतात ती एफ, म्हणजे पांढरी चार. आणि दोन्ही पंचरेघांच्या मधोमध स्वतःपुरती छोटी रेघ घेऊन बसलेला मिडल सी, म्हणजे पांढरी एक. या तीन खुणा पक्क्या केल्या की बाकीचं मोजता येतं. ट्रेबलच्या रेघा खालून वर तीन, पाच, सात, दोन, चार. मधली घरं चार, सहा, एक, तीन. रेघेवरून लगतच्या घरात गेलं की शेजारची पांढरी, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की मधली एक पांढरी सुटते.

पेटीवाल्याने इथे थोडं थांबावं. मी पांढरी एकचा भूप राग (त्यात म आणि नी नसतात) पाच रेघांवर लिहून पाहिला. सा रे ग पायरीपायरीने वर चढतात, मग ग आणि प दोन लगतच्या रेघांवर बसतात आणि मधलं घर रिकामं राहतं. ध आणि तार सा दोन घरांत, मधली रेघ मोकळी. वर्ज्य म आणि नी डोळ्यांना दिसतात! भातखंडे लिपीत हे वाचून समजतं, इथे आकृतीतच आहे. टीचर म्हणत होत्या ते तेव्हा पटलं: प्रत्येक स्वराचं नाव घेऊ नका, आधीच्या स्वरापासून किती वर-खाली गेला तेवढं बघा.

पण आपल्या लिपीची एक सोय इथे नाही. आपला सा कुठेही धरा, कागद तोच राहतो. पाच रेघांवर जागा म्हणजे पट्टी, ती हलत नाही. तोच भूप काळी एकमधून लिहायचा तर ओळीच्या सुरुवातीला पाच फ्लॅट, म्हणजे स्वर अर्ध्या पायरीने उतरवणारी चिन्हं, टाकावे लागतात. साथीला बसणाऱ्या माणसाला हे फार जाचतं.

लय मात्र सोपी गेली. पोकळ गोळा चार मात्रा, त्याला काडी लागली की दोन, भरीव झाला की एक, काडीला शेपूट आलं की अर्धी. नवं होतं ते गप्प बसणं. आपल्याकडे मात्रेच्या जागी आडवी रेघ आली की स्वर लांबवायचा. इथे थांबण्याला स्वतःचं चिन्ह आहे, आणि तिथे पट्टीवरून बोट उचलावंच लागतं. पेटीवाल्यांना ती सवय नाही, आम्ही सगळ्या जागा भरत सुटतो.

आणि डावा हात! त्याचा आयुष्यभराचा धंदा भाता मारण्याचा. त्याला बेस क्लेफ वाचून वेगळं काही वाजवायला सांगणं म्हणजे घरजावयाला अचानक कामाला लावणं. खाली बघायची सवय मोडायला टीचरांनी दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. दोन काळ्यांचा आणि तीन काळ्यांचा गट बोटांनी चाचपून जागा शोधायची, नजर कागदावर. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ५० वर. बोट अडलं तरी मागे जायचं नाही. वाजतंय त्याच्या पुढच्या स्वरांवर डोळे हवेत, म्हणून त्यांचं पालुपद एकच: "आगळ जुओ, भाई." म्हणजे पुढे बघा.

आता एका हाताची साधी ओळ मी पहिल्या नजरेत वाजवतो, दोन हातांची दोन-तीनदा अडखळून. ओळीच्या सुरुवातीला एकच शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारं चिन्ह) दिसला की वाटेतली प्रत्येक पांढरी चार सोडून काळी तीन घ्यायची, हे आता आठवावं लागत नाही. सध्याच्या पानावर दोन फ्लॅट आहेत, काळी पाच आणि काळी दोन. उजवा हात ते सांभाळतो. डाव्यासाठी बेसच्या रेघा अजून पुटपुटतोच: पाच, सात, दोन, चार, सहा.