तिसरा मजला

"डॉक्टर, आणखी दोन दिवस ठेवून घ्या ना मला."

शेजारच्या काकू आज वॉर्डात असं म्हणाल्या आणि मी बघतच राहिले. घरी जायला नको म्हणणारा पेशंट! खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय, वॉकर धरून चालतातही. पण आमची गिरगावातली चाळ. तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. पडल्या त्याही तिथेच, पहाटे, ओल्या लादीवर.

डॉक्टर तरी काय करणार? बाहेर पॅसेजमध्ये गाद्या टाकून पेशंट झोपलेले. शेवटी चाळीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. वाटेत काकू म्हणाल्या, "आता एकदम खांद्यावरूनच उतरेन." कुणीच हसलं नाही.

भिंतीला एक दांडी, एक कमोड, जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा. असा किती खर्च? सरकारी खाट, ऑपरेशन, ते तीन आठवडे, हे आपल्याच करातून गेलं की! २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यात जिल्ह्याला किमान १५० निर्धन वृद्धांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. राहत्या घरातल्या दांडीचं काय?

रविवारी रिडेव्हलपमेंटची मीटिंग आहे, खाली अंगणात. काकूंना कोण आणणार?